फूलवालीच्या कमरेवरच्या गाठी

साठ सालाच्या सुमाराला बंगळूरला आमच्या दारी एक फूलवाली यायची. तिच्या कमरेवर द्राक्षांसारख्या मऊ गाठी होत्या आणि टोपली ती तिथंच टेकवायची. महारोग समजून गल्लीतल्या बायका तिची फुलं देवाला नको म्हणू लागल्या. मीही दाराआडूनच मान हलवायचे.

मग महिनाभर ती आलीच नाही. आली ती पदर खोचून, गाठी उघड्या ठेवून.

"इस्पितळात तुकडा काढून तपासला, अक्का. नुसती चरबी आहे, कुणाला लागायची नाही. तुमची आत बसते, माझी ओट्यावर येऊन बसली."

समोरच्या जाड मामी खो खो हसल्या. मी बाहेर येऊन हात पुढे केला. तिनं तिकडच्या रीतीप्रमाणे आपल्या कोपरापासून बोटांपर्यंत मोगऱ्याची माळ मोजली, वर वीतभर जास्त दिली.

फुलं आमच्या गल्लीतच संपली. रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून ती ताठ चालत गेली.