बिनमोरचुदाची खळ

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या घराचा वाटा म्हणजे खळ. बाबा सरकारी कचेरीत कारकून. मोर्चात दिसले असते तर नोकरीवर गदा आली असती. म्हणून गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून ते मोर्चासाठी पुठ्ठ्याचे फलक चिकटवायचे. मैद्याची खळ आईच्याच पातेल्यात शिजायची. तयार फलकांचा गठ्ठा घरातल्या एकुलत्या एका खाटेखाली जायचा, आणि त्या खाटेवर मी निजायची.

हे फलक सुरू झाले त्याच वर्षी मला दमा सुरू झाला. मी तेव्हा दहा वर्षांची. पहाटे छाती अशी भरायची की बोलताही यायचं नाही, आणि आई पाठ चोळता चोळता रडायची. केळं बंद, दही बंद, चिंचेचं तर नावही काढायचं नाही. तरी फरक शून्य. शेवटी सगळ्यांनी ठरवून टाकलं: हिला मुंबईची हवा मानवत नाही, वाईला आत्याकडे ठेवायची, शाळाही तिकडेच. मुंबई आपलीच म्हणून घसा कोरडा करणारी ही माणसं मला मात्र मुंबईतून हद्दपार करायला निघाली होती. मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे.

निघायच्या आठवड्यात बाबांनी चाळीसमोरच्या डॉक्टरांना बोलावलं, प्रवासासाठी औषध द्या म्हणून. डॉक्टर माझी छाती तपासायला खाटेवर टेकले, त्यांचा पाय खालच्या गठ्ठ्याला लागला आणि झुरळांची अख्खी पलटण बाहेर पडली. डॉक्टर ओरडलेच. मग वाकून त्यांनी एक फलक ओढला. त्याबरोबर पंखांचे तुकडे, लेंड्या, तपकिरी भुसा असं सगळं उडालं आणि मला तिथल्या तिथे धाप लागली.

“खळीत मोरचूद घातला नव्हता का?” त्यांनी विचारलं.

मोरचूद घातला की झुरळ खळीला तोंड लावत नाही, हे बाबांना ठाऊक होतं. पण आई आडवी आली होती. “माझ्या पातेल्यात विष शिजवायचं नाही!”

“हा भुसा हवेत उडतो आणि ही तो झोपेत हुंगते,” डॉक्टर म्हणाले. “काहींना त्यानेच दमा उठतो, असं वाचलंय. खात्रीने सांगत नाही. पण हवा बदलण्याआधी खाटेखालचं हे सगळं तर काढा.”

गठ्ठा त्याच संध्याकाळी गेला. आईने गादीला दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं, खोली कितीदा पुसली देव जाणे. वाईला जाणं महिनाभर लांबणीवर पडलं. पहिल्या आठवड्यात एकदा धाप लागली, पुढे नाहीच. एक दिवस जाग आली तर चक्क उजाडलं होतं. इतकं हलकं वाटलं की मी उगाचच चाळीचा जिना दोनदा चढले-उतरले.

महिना संपला तेव्हा बाबांनी माझ्यापुढे पोस्टकार्ड ठेवलं. “आत्याला तूच कळव.”

मी लिहिलं, मी येत नाही. मग विचारलं, “बाबा, कधीच येत नाही, असं लिहू?”

“अगं, मे महिन्यात सुट्टीला जायचंय ना आपल्याला,” बाबा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. “लिही, राहायला येत नाही.”