चांगल्या डोळ्यावरची पट्टी

आमच्या डोळ्यांच्या सेंटरातले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. पोरीची वेणी घालताना एखादा आठवतो, आणि त्याच्यामागं दुसरा उभाच असतो. हसू येतं, पण सगळं हसून संपत नाही. म्हणून लिहायला बसले.

डोळे कसे हलतात, बाळ कुठं आणि किती वेळ बघतं, याचा अभ्यास करणाऱ्या एक डॉक्टरबाई बेळगावात होत्या. गावोगाव जाऊन लोकांना समजावूनही सांगायच्या. मी त्यांची मदतनीस. सातवी पास, मराठी-कन्नड दोन्ही येतं, एवढंच माझं क्वालिफिकेशन! खरं तर मी गेले होते पेशंट घेऊन. माझ्या सुमनचा डावा डोळा आळशी निघाला. उपाय एकच, चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज दिवसभर पट्टी, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं. "सात-आठ वर्षांची व्हायच्या आत काय होईल ते. नंतर अवघड," बाई म्हणाल्या. सुमन तेव्हा पाच वर्षांची. त्या दिवसापासून मी महिने मोजायला लागले.

*

तान्ह्या पोराला दिसतं की नाही, हे कसं कळणार? त्यासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक ढोल होता. तो फिरवला की बाळाचे डोळे पट्ट्यांमागं पळतात. पळाले, म्हणजे दिसतं.

काकतीच्या एका बाईला वाटलं, ढोल फिरवला की पीडा उतरते. पुढच्या खेपेला ती शाळेत नापास होणाऱ्या थोरल्याला घेऊन आली. बाईंनी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "फिरवायला तुमचं काय जातंय?" बाईंनी फिरवला!

सगळे हसलो. सगळे गेल्यावर मी सुमनला ढोलासमोर बसवलं आणि हात दुखेपर्यंत फिरवला.

*

कंग्राळीची एक नवी सून डोकं दुखतं म्हणून आली. बाईंनी तिच्यासमोर पेन धरलं, उजवीकडं नेलं, डावीकडं नेलं, सगळं ठीक. वर नेलं की डोळे वर जाईनात. बाई काळजीत पडल्या. मी बघितलं तर त्यांच्या पाठीमागं सासू-सासरे उभे! त्यांना चहाला म्हणून बाहेर काढलं, तर पोरीचे डोळे थेट आढ्याला.

"काही झालेलं नाही तुला," बाई म्हणाल्या.

ती हळूच म्हणाली, "वर बघता येत न्हाय म्हणूनच लिवा की बाई. चार दिस म्हायेरला तरी धाडतील."

बाईंनी खरं तेच लिहिलं. पुढं कितीदा तरी मला म्हणाल्या, त्या दिवशी खोटं लिहायला हवं होतं.

*

निपाणीच्या बाजारात आम्ही कार्डं वाटली. कार्डावर एक फुली, एक काळा ठिपका. एक डोळा मिटून फुलीकडं बघत कार्ड जवळ आणलं की मधेच ठिपका दिसेनासा होतो. प्रत्येकाच्या डोळ्यात अशी एक न दिसणारी जागा असते, हे त्यातून सांगायचं. एक आप्पा ठिपका कुठं गेला म्हणून कार्डाची पाठ बघत होते.

एका बाईनं विचारलं, "सासूला बरोबर तेवढ्यावर उभं केलं, तर ती बी जाईल काय वो?"

शेजारून सासूचाच आवाज आला, "मी बी कार्ड घेतलंय गं."

*

तिथंच बिड्या वळणाऱ्या बायकांचे डोळे कामाच्या वेळी कुठं असतात, हे बघायला बाई जाऊन बसल्या. हात पानावर, आणि डोळे पाळण्यावर, चुलीवर, दारावर. सखराबाईला त्यांनी हाताकडं बघत वळायला सांगितलं, तर बिडी ढिली झाली. सखराबाई म्हणाली, "हाताकडं बघायला लावलासा, आता पोराकडं कोण बघणार?"

काय सापडलं ते येऊन सांगते, असं बाई कबूल करून आल्या होत्या. आधी गाडी मिळाली नाही, मग पावसाळा आला, मग राहूनच गेलं. सखराबाई कधी बेळगावच्या बाजारात दिसली की विचारायची, "आमचं डोळं कुठं नेऊन ठेवलासा गं?" मी भाजी बघत राहायची.

*

आणि आमची सुमन. पट्टी आणली त्या दिवशी आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, "दिसतंय त्योच डोळा झाकायचा? पोर आंधळी करतीस व्हय?" पट्टी कापडी, नाडीनं बांधायची. बांधली की सुमन उंबऱ्याला अडखळायची, ताटातली भाजी चाचपायची, रडायची. आत्तींना ते बघवायचं नाही.

मी सकाळी पट्टी बांधून सेंटरला जायची. हळूहळू रडणं थांबलं. संध्याकाळी येऊन बघावं तर पट्टी जागच्या जागी, पोर खेळतेय. "सवय झाली तिला," आत्ती म्हणायच्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटायचे. बाई तर इतर आयांना सुमनचं उदाहरण द्यायच्या.

पण डोळा सुधारेना. रोज उठल्या उठल्या मी तिचा उजवा डोळा हातानं झाकून समोरच्या पत्र्यावर कावळा आहे का, विचारायची. ती अंदाजानं हो म्हणायची. बाईंनी चष्मा दिला, मग तोही बदलला, तरी तक्त्यावरच्या वरच्या मोठ्या ओळीखाली ती उतरेना.

तिला आठवं लागलं. त्या तपासणीला आत्तीही आल्या, बाकावर बसल्या. बाईंनी खूप वेळ बघितलं आणि पट्टी बंद करायला सांगितली. आता फारसा फरक पडायचा नाही, म्हणाल्या. मग सुमनला जवळ ओढून त्यांनी सहज विचारलं, "एवढी शहाणी पोर तू. पट्टी कधी काढून टाकली नाहीस ना?"

"न्हाय," सुमन म्हणाली. तिनं आधी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं, मग डाव्यावर. "आई असली की ह्याच्यावर, आजी असली की ह्याच्यावर."