परीक्षेत न येणारे रंग

प्रमिला लग्नाआधी पुण्यात जर्मन शिकवायची. जुन्या जर्मानिक भाषांतले रंगांचे शब्द कुठून आले, यावर तिचा प्रबंध चालला होता. मग नवऱ्याला, गुणवंतला, आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत नोकरी लागली, मागोमाग ओवी झाली आणि प्रबंध राहूनच गेला. आता ओवी शिकायला टोरांटोला होती. गुणवंत शिफ्टवरून यायचा, जेवायचा, झोपायचा. एखादा दिवस असा जायचा की प्रमिलाला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.

एकदा जेवताना तिने रंगांचा विषय काढला. "छान," म्हणून गुणवंतने वरण मागितलं. फोनवर ओवी म्हणाली, "आई, दॅट्स सो रँडम!"

शेवटी तिने कॉलनीच्या ग्रुपवर जर्मनच्या शिकवणीचा मेसेज टाकला. एकटी फिझा आली. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिला जर्मनीत नोकरी हवी होती. पिशवी खाली ठेवायच्या आत तिची क्रियापदं सुरू व्हायची.

रंगांच्या धड्याला प्रमिलाने रोट, ग्रून, गेल्ब सांगितलं आणि ती थांबली.

"और?" फिझाने विचारलं.

"बहुत कुछ है. पर एक्झाम में नहीं आएगा."

"फिर भी बताइए ना, मॅडम."

प्रमिला बोलत सुटली. हिरवा ग्रून म्हणजे मुळात वाढणारं. इंग्रजीतलं ग्रासही त्याच घरातलं. लाल रोट आणि आपलं रुधिर एकाच कुळातले. पिवळा गेल्ब आणि हळद लांबच्या बहिणी. जुन्या इंग्रजीत तर काळा आणि फिकट यांचे शब्द जवळजवळ सारखे, कारण दोन्ही जळण्यातून आलेले. एकाने ज्वाळेचा उजेड घेतला, दुसऱ्याने उरलेला कोळसा.

चहा निवला. फिझाची ड्यूटीची बस चुकली. प्रमिला ओशाळली.

"टॅक्सी मिल जाएगी," फिझा हसली. "वो कोयलेवाला फिर से बोलिए."

फिझा पास झाली आणि उन्हाळ्यात जर्मनीला निघून गेली. प्रमिलाने तिला लाडू बांधून दिले. नंतर कितीतरी दिवस शिकवणीच्या वेळी ती दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची.

एका सकाळी तिने पुण्याला विद्यापीठाच्या जर्मन विभागात फोन लावला. तिच्या मार्गदर्शक बाई कधीच वारल्या होत्या. प्रबंधाची नोंदणीही रद्द झालेली. फोन ठेवून तिने जेवणाचं टेबल पुसलं आणि प्रबंध लिहायला घेतला, निळ्यापासून. त्या रंगाच्या जर्मन शब्दाचा लॅटिनमधला नातलग चक्क पिवळा निघतो. कोण वाचणार, हे तिला ठाऊक नव्हतं.