आवाज पोचणार नाही इतकं लांब

दिगू गेला हे मला वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळी घेताना कळलं. पिशवी तिथेच टाकून धावलो आणि त्याच्या अंगणात ओक्साबोक्शी रडलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आज दीड महिन्याने लिहायला बसलोय तो रागाने... आणि हा राग ऐकून घ्यायला तो बाबा जागेवर नाही.

दिगू हायस्कुलात चित्रकला शिकवायचा, पण त्याचा खरा जीव फिंच पक्ष्यांत. चिमणीहून लहान, लाल चोचीचे, दिवसभर पिंपिं करणारे. मला हा नाद त्यानेच लावला. नर-मादी एका पिंजऱ्यात कोंबले की पिल्लं होतात, अशी माझी समजूत. तो हसायचा. "अरे, एकमेकांची सवय होवक व्हयी त्येंका. दोघां एका काठीर अंगाक अंग लावन बसाक लागली, मान खाजवूक लागली, म्हणजे जोडी लागली. मगे करवंटी बांध." करवंटीचं घरटं, काथ्याचे तुकडे, चोच घासायला किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस, सगळं त्याच्याकडून शिकलो. आणखीही एक शिकलो. लागलेली जोडी मोडून नवी लावायची, तर जुन्या जोडीदाराचा आवाजसुद्धा कानावर पडता कामा नये. तो ऐकू येत राहिला तर मादी दुसऱ्याला जवळ करत नाही. हे त्याच्याच तोंडून ऐकलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. धन्य माझी!

माझ्याकडे मुंबईहून आणलेली एक पांढरी मादी होती, डाव्या पायाचं एक बोट वाकडं. तिची जोडी माझ्या करड्या नराशी लागली होती. दिगूकडे पांढरा नर होता. पांढऱ्या पिल्लांसाठी त्याने मादी मागितली. मी म्हटलं, लागलेली जोडी मी मोडणार नाही. "बरोबर आसा तुजां," म्हणाला. विषय मिटला, असं मी धरून चाललो.

त्र्याऐंशीच्या श्रावणात मी आणि सुमती, माझी बायको, आठ दिवस तिच्या माहेरी गेलो. पिंजरा आणि दाण्यांचा डबा दिगूकडे ठेवला. परत आलो तर मादी नाही. दिगूचा चेहरा उतरलेला. डब्यातल्या राळ्याला बुरशी होती, ते खाऊन ती मेली, मी पुरून टाकली, असं म्हणाला. राळं वाळवलं होतं सुमतीने. ती परोपरीने सांगत होती की खडखडीत वाळवून, निवडून भरलंय. मी ऐकलं नाही. चारचौघांत तिला नको ते बोललो. त्यानंतर तिने पिंजऱ्याला कधी हात लावला नाही. माझा नर दोन महिने हाका मारत राहिला, आणि दिगू संध्याकाळी येऊन माझं सांत्वन करायचा. पुढच्या वर्षी त्याच्याकडे पांढरी पिल्लं दिसली. मुंबईहून नवी मादी मागवली म्हणाला. आणि मी त्याची पाठ थोपटली!

बाराव्याला त्याची आरोंद्याची बहीण भेटली. साधी, सरळ बाई. माझे आभारच मानायला लागली. "भाऊ, तुमी दिलेली ती पांढरी, बोट वाकडां आसलेली, गेल्या वर्सापर्यंत माझ्याकडे होती. दादान थंयच तिची जोडी लावल्यान." आरोंदा. माझ्या नराची हाक पोचणार नाही इतकं लांब... पानातला भात तसाच राहिला.

घरी येऊन सुमतीला सगळं सांगितलं. मेलेल्या माणसाला बोलू नये ते सगळं दिगूला बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावजींनी तुमका फसवल्यानी, खरां. पण माका खोटी कोणी ठरवल्यान?"

दिगूशी भांडायचं राहिलं ते राहिलंच. वहिनींनी त्याचा पिंजरा आमच्याकडे पाठवलाय, ओसरीवर टांगलाय. दोन पक्षी अंगाला अंग लावून बसले की अजून त्याचाच आवाज कानात येतो, लागली रे जोडी! आधी हसू येतं, मग संताप. पण तो निदान बोलून दाखवता येतो. सुमतीसमोर माझी जीभ उचलत नाही, पाच वर्षांचं ओझं आहे तिच्यावर. रविवारची पुरवणी आमच्या घरात आधी ती वाचते. म्हणून इथेच लिहितो.

सुमती, राळ्याला बुरशी नव्हती.