वाघाच्या वर्षातली आई

छिंगमेईचे केस विंचरायचा मान माझा होता. आई-बाप, सासू-सासरे, नवरा, मुलगे, सगळे जिवंत असलेली बाई लागते त्याला. नवरा जिवंत आहे एवढंच बघतात. कसा आहे ते कोणी विचारत नाही. असो.

तर मी फणी घेऊन उभी, आणि नवरी म्हणते, "काकू, आईला बोलवा. नाहीतर मी जात नाही."

तिची आई, म्हणजे माझी शेजारीण रुइझेन, अंगणापलीकडच्या धान्याच्या खोलीत आतून कडी लावून बसली होती. आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात, ती जन्मली वाघाच्या वर्षात. मुलगा असता तर साखर वाटली असती. मुलगी म्हटल्यावर, ही आता कुणाला खाणार? विहीर खणताना दरड कोसळून तिचा नवरा गेला, तर सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, "माझा मुलगा गिळलास." बाळंतिणीच्या खोलीत तिला बंदी, लग्नघरात बंदी. शेजारची डुकरीण व्यायली तरी लोक म्हणत, जरा लांबून जा बाई. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं, याचाच मला संताप येई. एकटीनं मका पिकवून तिनं पोर वाढवली, ते मात्र कोणाच्या लक्षात नाही.

मुलाकडच्यांनी आधीच बजावलं होतं. नवरी आमचा उंबरा ओलांडेपर्यंत तिच्या आईची नजर तिच्यावर पडता कामा नये. पडली तर कूस उजवणार नाही, आणि असली सून आम्ही नेणार नाही.

मुलाची आत्या दारातच ठाण मांडून होती. "ऊन डोक्यावर आलं की मुहूर्त टळला," ती म्हणाली. "मग आम्ही आपले निघालो, नवरीसकट नाहीतर नवरीविना."

छिंगमेई उठली. नवे लाल जोडे घातल्यावर नवरीनं जमिनीला पाय लावायचा नसतो, मामा पाठीवर नेतो. ही आपल्या पायांनी अंगण तुडवत गेली.

"आई, कडी काढ."

"जा बाळा. मला तुझं वाटोळं नाही करायचं."

"तुझा हात डोक्यावरून न फिरता गेले, तर ते वाटोळं नाही का?"

"वहिनी, तिला न्या हो," आतून रुइझेन मला म्हणाली.

"मी कशाला नेऊ? बकरी आहे का ती?" मी म्हटलं. "नजरेची भीती ना? मग डोळे मीट. हातांना कुठल्या पंचांगात मनाई आहे?"

बाहेर वरातीचा ट्रॅक्टर सुरू झाला. आणि कडी सरकली.

डोळे घट्ट मिटून ती बाहेर आली. मी तिच्या हातात फणी दिली, तिचा दुसरा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. ती चाचपडत विंचरू लागली. तरी भांग सरळ पडला. अंबाडा घातला, लाल फूल खोचलं.

"झालं? चला आता," आत्याबाई खेकसल्या. बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

छिंगमेई जागची हलली नाही. मी तिला खूण केली, गप्प उभी राहा.

"वहिनी, गेली का हो ती?" रुइझेननं विचारलं.

"गेली," मी म्हटलं. खोटं बोलले, आणि वेळ आली तर पुन्हा बोलेन.

तिनं डोळे उघडले. समोर लेक, लाल कपड्यांत, हातभर अंतरावर.

आत्याबाई धावत आल्या, मी आडवी झाले. तशा त्या फाटकाकडे वळून नवरदेव भाच्यावर ओरडल्या, "चल, काढ ट्रॅक्टर, नको ही पोरगी." पोरगा ट्रॅक्टरवरून त्या मायलेकींकडे बघत राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

रुइझेनला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. मला वाटलं होतं ही किंचाळेल, तोंड झाकून पळेल. तिनं पोरीला पोटभर बघितलं.

"फूल वाकडं खोचलंय गं मी," ती म्हणाली, आणि काढून सरळ लावलं.