निरोगी बाईची गोळी

मोठ्या जाऊबाईंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी लिहिते. त्यांना मी वहिनी म्हणते. पुढचं बरंचसं रागात लिहिलं जाईल, आणि रागात माणूस उपकार विसरतं.

माझं माहेर वाशीमकडचं. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन उज्जैनला आले. माधव नगरातल्या या घरात सासूबाई, वहिनी आणि आम्ही तिघं, मी, हे आणि मुलगा. मोठे दीर रतलामला बँकेत, शनिवारी येतात. वहिनी शाळेत शिकवतात. मी घरीच मशीनवर भैरवगढ़च्या छापील चादरींचे काठ शिवते.

ह्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. कुठून आला, हे विचारलं. हे उठून बाहेर गेले. माझी तपासणी निगेटिव्ह आली. ह्यांनी मला मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, घरात कुणाला बोलायचं नाही म्हणून.

सरकारी दवाखान्यात समजावून सांगणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "इनकी गोली रोज चली और जाँच में वायरस दबा हुआ आया, तो आपको इनसे नहीं लगेगा." पण ह्यांची गोळी रोज चालत नाही. बरं वाटलं की बंद. कंडोमचं नाव काढलं तर, "आपल्याच घरात परक्यासारखं?" मी नाही म्हटलं तर दोन दिवस जेवत नाहीत, आणि सासूबाई मलाच विचारतात, काय झालं. काय सांगू?

मॅडमनीच सांगितलं की निरोगी माणसानं आजार लागू नये म्हणून रोज घ्यायची एक गोळी असते. आधी रक्त तपासायचं, मग दर तीन महिन्यांनी. मला रडूच आलं. एवढी एक गोष्ट तरी माझ्या हातात होती! पण हातात येईपर्यंत माझे हाल झाले. डॉक्टर म्हणाले, "पति को साथ लाइए." अहो, ते येत नाहीत म्हणूनच तर मी आलेय. तिसऱ्या खेपेला लिहून दिली. देवास गेटजवळच्या केमिस्टनं चिठ्ठी वाचली आणि दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं, "ये एड्स वाली किसके लिए?"

डबी मी मशीनच्या खणात ठेवली. महालक्ष्म्यांना दहा-बारा दिवस होते तेव्हा वहिनींनी मला गोळी गिळताना पाहिलं. "काय गं ही?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पाळी पुढे ढकलायची." आमच्याकडे महालक्ष्म्यांचं सोवळं कडक, बायका या गोळ्या घेतातच. खपून गेलं.

तीन दिवसांनी वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन आल्या.

"माझीही तारीख नेमकी त्याच दिवसांत येतेय. तुझ्यातल्या चार दे. शाळेतून दुकानात जायला टाइमच भेटत नाही."

"संपल्या, वहिनी."

"चल, झूठी! मघाशी कैची शोधताना पाहिली की डबी." आणि खण उघडून त्यांनी एक गोळी हातावर घेतलीसुद्धा.

मी त्यांचं मनगट धरलं. पाणी चादरीवर सांडलं. "ती त्याची नाहीये."

"मग कशाची?"

ताकदीची आहे, असं म्हणता आलं असतं. मग त्या म्हणाल्या असत्या, मग मलाही दे. मुलाच्या डोक्यावरचा हात आठवला आणि तरी सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी गोळी डबीत टाकली आणि आधी साबणानं हात धुतले. मला इतका राग आला! बी.एड. झालेली बाई! "गोळीला हात लावून लागत नाही, वहिनी. आणि मला आजारच नाहीये. होऊ नये म्हणून तर गोळी." हे किती जणांना सांगायचं? जाताना त्या डबीबरोबरचा कागद घेऊन गेल्या.

दोन दिवस त्या कामापुरतं बोलल्या. सासूबाईंशी हळू काही बोलल्या की माझे कान तिकडे. मला माहेरी पाठवतील, मुलाला ठेवून घेतील, एवढंच डोक्यात. वरण दोनदा करपलं. गोळी तेवढी चुकवली नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या म्हणाल्या, "किती उरल्यात?"

"सहा."

"चप्पल घाल. सणात कोण जाणार दुकानात?"

"आणि आईंना काय सांगायचं?"

"आईंचं मी बघते."

केमिस्टनं पुन्हा तेच सुरू केलं. वहिनी वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "भैया, पर्चा पढ़ लिया? तो दवाई दीजिए. भाषण घर जाके भाभीजी को सुनाइए." मागचे दोघे हसले. त्यानं मुकाट्यानं डबी दिली. मग वहिनींनी स्वतःसाठी पाळीच्या गोळ्या मागितल्या. त्या लगेच कागदात गुंडाळून मिळाल्या. चिठ्ठी विचारली नाही, किसके लिए विचारलं नाही. आणि मागच्या महिन्यात मीही त्याला हेच म्हटलं होतं, पर्चा है, दवाई दो. माझ्या तोंडून ते चाललं नव्हतं.

सासूबाईंना त्यांनी सांगितलं, "तिला डॉक्टरनं रोजचं औषध दिलंय, मी वाचलंय." सासूबाई "बरं" म्हणाल्या. संपलं. ह्यांना कळलं तेव्हा मात्र महिनाभर अबोला. "शपथ मोडलीस. आणि ही गोळी म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुझा."

"ठेवते भरवसा. तुम्ही तुमची रोज घ्या."

अजून घेतातच असं नाही. माझी मी घेते.

तीन महिन्यांनी माझा रिपोर्ट पुन्हा निगेटिव्ह आला. वहिनींना ओट्याशी दाखवला. कणकेच्या हातांनीच धरून त्यांनी दोनदा वाचला. मग खाली बघत म्हणाल्या, "मीही एकदा करून घेऊ का गं? हे आठवडाभर तिकडे असतात."

"उद्याच जाऊ."

"उद्या नको. पेपर तपासायचेत."

तेव्हापासून कधी पेपर, कधी पाहुणे. मी घाई करत नाही. मीही घरून निघून अर्ध्या वाटेतून परत आलेली आहे. पण ज्या दिवशी त्या चल म्हणतील, त्या दिवशी मशीन तसंच सोडून निघेन. रांगेत मी पुढे उभी राहीन, आणि कुणी मोठ्यानं काही विचारलं तर उत्तर मी देईन. वहिनींचं एवढं तरी मी फेडणार आहे.