कार्डावरची भाची

शालनवहिनी एका जागी बसून बोलली, असं मला आठवत नाही. बोलता बोलता ती गवार मोडायची, मध्येच उठून गॅलरीतले कपडे उलटे करून यायची, जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की दार उघडून "कोण हाय?" म्हणून विचारायची. जुईनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिच्या दारावरून चौकशीशिवाय वर गेलेला माणूस विरळाच. मूळची सातारा जिल्ह्यातली. नवरा हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी. गोणी वाहून वाहून तो इतका गप्प झाला होता की दोघांच्या वाट्याचं बोलणं वहिनीच उरकायची. दोन्ही मुलगे गावी, आजीजवळ शाळेला. घरात ही दोघंच. मुलगी नाही याचं दुःख ती कधी लपवत नसे. "लेक पायजे हुती एक," असं ती भाजीवाल्यालासुद्धा सांगायची.

मी चारुलता. राहायला तिच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर. नोकरी नेरुळच्या एका फार्मसी कॉलेजच्या ऑफिसात. परदेशातून आलेल्या मूठभर विद्यार्थ्यांचे कागद माझ्या टेबलावर असत, आणि त्यांच्यापायी माझा रक्तदाब वाढला असं डॉक्टरांचं मत आहे. त्यातलीच एक मॉरिशसची सुनयना.

सुनयनाचे पणजोबा बोटीनं तिकडं ऊस तोडायला गेले ते परत आलेच नाहीत. उतरल्यावर गोऱ्या साहेबानं त्यांचं नाव लिहून घेतलं आणि पुढं तेच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. पोरीचं मराठी घरातलं कमी आणि वर्गातलं जास्त. "मला भूक लागलेली आहे," असं अख्खं वाक्य बोलायची, तेसुद्धा पोटाला हात लावून. पहिल्याच वर्षी तिला कावीळ झाली. हॉस्टेलचं तेलकट तिला सोसेना. म्हणून मी तिला वहिनीकडे पेइंग गेस्ट म्हणून नेलं.

वहिनी कणीक मळत होती. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "तुजं पणजोबा कुठलं गं?"

"आजी सांगायची, सातारा," पोरगी म्हणाली.

झालं. वहिनीचे हात परातीतच थांबले. "आगं बाई! मग आमच्यातलीच की ही. ह्येंच्याकडची म्हंजी माज्या नणंदंची लेक झाली. मला मामी म्हणायचं. हौसेराव तुजा मामा." कणीक मळून व्हायच्या आत नातं जुळलेलं होतं. हौसेरावांना बहीण होती का, हे मी विचारलं नाही. पुढं कळलं की नव्हती.

मी मात्र माझं काम केलं. त्याच संध्याकाळी दोघींना समोर बसवून, म्हणजे एकीला बसवून आणि एकीला उभी ठेवून, नियम ऐकवले. राहण्याचा पत्ता बदलला की पोलिसांच्या नोंदणी ऑफिसात कळवायचं. बरेच दिवस दुसरीकडे राहायचं झालं तरी कळवायचं. राहण्याच्या परवान्याची मुदत संपायच्या आत कॉलेजचं बोनाफाईड नेऊन ती वाढवून आणायची. हजेरी बुडवायची नाही, मनाला आलं म्हणून कॉलेज बदलायचं नाही, आणि पैसे घेऊन काम तर अजिबात नाही.

"शेजारच्या पोरीला इंग्लिश शिकवलं तर?" वहिनीनं विचारलं.

"फुकट शिकवलं तर काही नाही."

"आन् तिच्या आईनं डबाभर लाडू दिलं तर?"

लाडवांचा नियम मला माहीत नव्हता. मी चिडले. मी चिडले की वहिनीला हसू यायचं, आणि ती हसली की मी आणखी चिडायची. असं आमचं चालायचं.

मे महिन्यात वहिनी तिला गावच्या जत्रेला घेऊन निघाली तेव्हा मी वाटेत आडवी झाले. आधी ऑफिसला पत्र, मग एस.टी. वहिनी फार दुखावली. "मामाच्या गावाला जायाला बी पोलिसाला इचारायचं?" पत्र मी लिहिलं, सुनयनानं सही केली, आणि वहिनी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दिवसभर गप्प राहणं तिला किती जड गेलं असेल ते मी जाणते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगदाण्याची चटणी घेऊन वर आली.

वर्षं अशीच धाकधुकीत गेली. दर वर्षी परवाना वाढवायची वेळ आली की मला झोप लागायची नाही. फोटो झाले का, पासपोर्ट कुठाय, बोनाफाईडवर शिक्का उठलाय का, मी विचारत सुटायची. सुनयना शांतपणे सगळं काढून दाखवायची. नियम तिनं एकही मोडला नाही. घोळ झाला तो नियम पाळणाऱ्या पोरीकडून नाही, तिच्यावर जीव लावणाऱ्या बाईकडून.

शहाण्णवच्या मार्चमध्ये तिचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. परीक्षा तोंडावर, आणि परवाना परीक्षेआधीच संपत होता. अर्ज केला. पत्त्याची खात्री करायला एक हवालदार घरी आले. मी वहिनीच्या घरातच होते. सुनयना खिडकीत पुस्तक घेऊन बसली होती. वहिनीनं चहा टाकला, पाण्याचा तांब्या दिला, पंखा मोठा केला. हवालदार कराडकडचे निघाले, त्यामुळे ती आणखीच खुलली.

"ही मुलगी इथंच राहते ना? काही पुरावा?" हवालदारांनी विचारलं.

मी पिशवीतून कॉलेजचं पत्र काढत होते. पण वहिनी माझ्यापेक्षा चपळ. तिनं देवाच्या फळीमागून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड काढलं आणि हवालदारांच्या पुढ्यात ठेवलं. चेहरा असा फुललेला, की जणू पोरीचा पहिला नंबर आलाय.

"ह्यो बगा पुरावा. कार्डावर नाव हाय तिचं."

हवालदारांनी वाचलं. हौसेराव, मग शालन, मग दोन मुलगे. आणि खाली, सुनयना. नातं, भाची.

माझ्या हातातलं पत्र हातातच राहिलं. महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीआधी आमच्या बिल्डिंगखाली मांडव घालून कार्डांचं शिबिर झालं होतं. तिथं वहिनीनं नावं सांगताना हेही सांगून टाकलं होतं. साखर वाढवून मिळावी म्हणून नाही. साखर ती निम्मी शेजारी वाटायची. तिचं म्हणणं साधं होतं, आणि ते तिनं तिथंच हवालदारांना ऐकवलं. "घरात ऱ्हाणाऱ्याचं नाव कार्डावर नको? कार्डावर नसलेलं माणूस पाव्हणं असतं. पाव्हणं कवाबी उठून जातं."

"बाई," हवालदार कप खाली ठेवत म्हणाले, "ही तुमची भाची असेल तर ही परदेशी कशी? आणि परदेशी असेल तर रेशनकार्डावर कशी?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली.

"तुम्ही हे मला दाखवायला नको होतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "आता मी बघितलंय. बघितलेलं न बघितलं कसं करू?" कार्डाचा नंबर उतरवून घेऊन ते गेले. चहा अर्धाच प्यायले होते.

मी वहिनीवर ओरडले. खूप ओरडले. "परदेशी माणसानं इथला असल्याचं दाखवणं हा गुन्हा आहे! पोरीला परत पाठवतील! चार वर्षं पाण्यात!" कपातला उरलेला चहा वहिनीनं मोरीत ओतला आणि कप घासत बसली. तोच कप कितीतरी वेळ घासत होती. सुनयना उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मामी, तो स्वच्छ झालेला आहे."

पोलिसांच्या नोंदणी ऑफिसातून बोलावणं आलं. तिथले साहेब माणूस वाईट नव्हते, घाईत होते. कागद पुढ्यात ठेवून त्यांनी सुनयनाला विचारलं, "तू कुठली?" ती म्हणाली, "मॉरिशसची." "मग हे काय?" त्यांनी हवालदारांच्या रिपोर्टावर बोट ठेवलं. तिला हे नाव लावल्याचं माहीतसुद्धा नव्हतं, हे मी तीन-तीनदा सांगितलं. साहेबांना ते पटलं असावं. म्हणाले, नाव कमी करून रेशनिंग ऑफिसचा दाखला आणा. ज्या बाईनं नाव लावलं तिचा जबाब होईल. दोन्ही नीट असेल तर मुदत वाढेल. नाहीतर प्रकरण वर जाईल, आणि वरून उत्तर येईपर्यंत हिची परीक्षा निघून जाईल. तोवर इथं राहायची परवानगीही नाही.

ते दिवस कसे काढले ते विचारू नका. सुनयना पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. हौसेराव मार्केटातून आले की दारातूनच विचारत, "झालं का काय?" एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून रोज निघायला लागले, यावरून काय ते समजा. वहिनी तर घरात ठरेनाच. तांदूळ निवडून झाले की पुन्हा सुपात घ्यायची. खाली गेटपर्यंत जायची, काही न आणता वर यायची. मला जिन्यात गाठून विचारायची, "मलाच धरून न्या म्हणलं तर? कार्डाच्या अर्जावर सही माजी हाय." मी म्हणायची, तुम्हाला धरून तिची परीक्षा होणार आहे का? मग ती निघून जायची आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटायची.

रेशनिंग ऑफिसात मी तिच्याबरोबर गेले. खिडकीतल्या क्लार्कनं कार्ड उलटंसुलटं केलं आणि वर न बघता विचारलं, "कमी कशासाठी? मयत की लग्न?"

वहिनीनं दोन्ही कानांना हात लावले. "अवो, काय बोलता! जित्या पोरीला!"

"मग लग्न लिहू?"

"लगीन लिवा," वहिनी पटकन म्हणाली. "चांगलं हाय ते."

मी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. एका खोट्यातून निघायला आलोय आणि ही दुसरं खोटं लिहून घेतेय, तेही शुभशकुनाचं! मी क्लार्कला सगळी हकीकत सांगितली. रांगेतले लोक कान देऊन ऐकायला लागले. शेवटी त्यानं साहेबाला विचारून लिहिलं, "चुकीने नोंद झाल्यामुळे नाव कमी."

"चुकीनं न्हाय," वहिनी म्हणाली. "मी सांगून लिवलं हुतं."

"वहिनी, तोंडाला कुलूप लावा!"

लाल शाईची रेघ त्या नावावरून गेली तेव्हा ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "रेघ लई जाड मारली त्येनं."

जबाबाच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. हौसेरावांनी मार्केटला खाडा केला होता आणि धुतलेला पांढरा सदरा घातला होता. सुनयना पासपोर्ट हातात घेऊन टेबलापासून थोड्या अंतरावर बाकावर बसली. वहिनीला साहेबांनी समोर खुर्ची दिली. ती बसली आणि लगेच उठली. "हुभीच बरी हाय मी."

एक शिपाई लिहून घेत होता. नाव झालं, गाव झालं, नवऱ्याचा धंदा झाला. मग साहेबांनी विचारलं, "ही मुलगी तुमची कोण?"

वहिनीच्या ओठांवर शब्द तयार होता. मला तो दिसला.

"विचार करून सांगा," साहेब म्हणाले. "नात्यातली म्हणालात तर मला हे वर पाठवावं लागेल. मग माझ्या हातात काही नाही."

वहिनीनं मागं वळून पाहिलं. सुनयना मान खाली घालून बसली होती. हौसेराव भिंतीकडे बघत होते. आयुष्यभर बायकोला बोलू देणारा तो माणूस, त्यानं तेव्हा फक्त एवढंच केलं, की तिच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"कोण न्हाय," ती हळूच म्हणाली.

"मोठ्यानं बोला. लिहून घ्यायचंय."

"आमची कोण न्हाय ती. परक्या मुलखातली हाय. पैशे दिऊन ऱ्हाती आमच्यात. आमचं तिचं नातं न्हाय."

शिपायानं ते सगळं उतरवलं आणि परत वाचून दाखवलं. स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना वहिनी पदराचं टोक पिळत होती. मग तिनं सही केली. शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर जुळवून सही करायची ती, पण त्या दिवशी सही इतक्या झरकन केली की अर्धं नाव खालच्या रेघेवर गेलं.

साहेबांनी कागद एकत्र टाचले. सुनयनाला बोलावून समज दिली. तिच्या परवान्यावर शिक्का मारला. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत मुदत. मला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. पण तिथं मिठी मारण्यासारखं कुणी नव्हतं.

आम्ही कॉरिडॉरमध्ये आलो. सुनयना परवाना छातीशी धरून चालत होती. दोन पावलं पुढं गेलेल्या वहिनीला तिनं नेहमीसारखी हाक मारली, "मामी—"

वहिनी विजेसारखी फिरली आणि तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. डोळे केबिनच्या दाराकडे. असं घाबरलेलं मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"गप! हितं नगं म्हणू. आत्ताच सही केलीया मी."

तशीच तिला दंडाला धरून ती झपाझप जिना उतरली. हौसेराव आणि मी मागून धावत. आवारातून जाताना शिपाई दिसला, की ती सुनयनाचा दंड सोडायची, तो गेला की पुन्हा धरायची. गेट आलं. गेटाबाहेर रस्ता ओलांडला, रिक्षा स्टँडही मागं टाकला, तरी ती थांबेना. मग एका झाडाखाली थांबली. पदरानं तोंड पुसलं. मागं वळून ऑफिसची बिल्डिंग नीट दिसत नाही याची खात्री करून घेतली.

आणि म्हणाली, "हां. आता म्हण."